ॲसिडचा डोंगर

आमच्या घरातला डोंगर जांभळा होता, कारण आप्पांच्या कारखान्यात ॲसिडचे पाइप जांभळे असत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक मध्येच "पण जांभळा का?" असं विचारतात आणि सगळं तिथेच अडतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात रंगारी होते. रंगारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंगले आणि शिड्या येतात. आप्पा रंगवायचे ते पाइप. पाण्याचा पाइप हिरवा, हवेचा आकाशी, वाफेचा चंदेरी, गॅसचा पिवळा, ॲसिडचा जांभळा, आणि प्रत्येकावर थोड्या थोड्या अंतराने एक बाण, आतला माल कुठल्या दिशेने चाललाय ते सांगणारा. एका टोकाला सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचा रंग उडालेला असायचा, की पुन्हा पहिल्यापासून. उभी नोकरी त्यांनी अशी केली आणि कधी कुरकुर केली नाही. "माझा रंग चुकला तर कुणीतरी भलताच व्हॉल्व उघडेल," असं ते जेवताना सांगत आणि आमटीचा भुरका असा मारत, की जणू कारखाना त्यांच्याच जिवावर चाललाय. मला तेव्हा ते खरंच वाटायचं, आणि आता पूर्ण विचार केल्यावरही खरंच वाटतं.

आम्ही परळच्या चाळीतून वाशीला राहायला आलो तेव्हा मी पाचवीत जाणार होते. नव्या वसाहतीत बैठ्या घरांच्या ओळीच्या ओळी उठत होत्या आणि त्यातलं एक आप्पांना लागलं होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढे हातभर अंगण. घर मिळण्याआधी आप्पा जागा बघून आले होते आणि आईला सांगत होते, "खिडकी उघडलीस की समोर डोंगर. अगदी आपल्या गावासारखा." आईचं आणि आप्पांचं गाव एकच, कोकणात खाडीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी. आई त्या एका वाक्यावर चाळ सोडायला तयार झाली. पण आप्पा जागा बघून आले त्या वेळी मागची ओळ बांधायची होती. आम्ही सामान घेऊन टेम्पोतून उतरलो, आईने आत जाऊन पहिली खिडकी उघडली, तर समोर चार हातांवर मागच्या घराची सिमेंटची भिंत. आई खिडकीत उभी राहिली. मग तिने खिडकी लावून घेतली आणि "पाणी कुठं ठेवायचं?" असं विचारलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं, आप्पांनाही आणि मलाही.

चाळीत आईला चोवीस तास माणसं होती. भिंतीपलीकडे कुणाचा स्टोव्ह पेटला ते तिला कळायचं, कुणाच्या घरी बोंबील भाजतायत ते कळायचं, आणि कुणाची सासू आज बोलत नाहीये तेही कळायचं. वाशीत दिवसभर खांब ठोकायच्या यंत्राची धप् धप् यायची, आणि ती थांबली की काहीच ऐकू यायचं नाही. शेजारची घरं अजून कुलपात होती. वारा सुटला की खाडीचा वास यायचा, वारा फिरला की कारखान्यांचा. त्यात माझा मोठा भाऊ दिनू शाळेसाठी चाळीतच काकांकडे राहिला होता. आईने पहिल्याच आठवड्यात आप्पांना सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघते. नाय करमलं तर सुट्टी संपायच्या आत नंदाला घेऊन चाळीत जाते. तुम्ही ऱ्हावा इथं तुमच्या पाइपाजवळ." नंदा म्हणजे मी. आईने हे भांडून सांगितलं नाही, तांदूळ निवडता निवडता सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटली. आणि ती नुसती बोलून थांबली नाही. चाळीतून आणलेली पत्र्याची हिरवी ट्रंक तिने उघडलीच नाही. रोजची भांडी आणि कपडे बोचक्यात होते, ते काढले. पितळेचे डबे, चांगल्या चादरी, तिच्या आईने दिलेली समई, सगळं ट्रंकेतच, आणि ट्रंक बाहेरच्या खोलीत भिंतीशी, कुलूप लावून. येता-जाता ती दिसायची. आप्पा तिच्याकडे बघायचं टाळायचे, आणि एवढ्याशा खोलीत ते सोपं नव्हतं.

ट्रंकेच्या वरची ती भिंत आप्पांनी मे महिन्यात रंगवायला घेतली. कारखान्यात डब्यांच्या तळाशी रंग उरायचा, साय धरलेला. साहेबांची सही असलेला गेटपास घेऊन आप्पा ते डबे घरी आणायचे. चार रविवार त्यांचं काम चाललं. पहिल्या रविवारी त्यांनी भिंत घासली आणि तिच्यावर लाल प्रायमर चढवला, पाइपावर चढवतात तोच. उघडीबोडकी भिंत बघून पाइपवाल्या माणसाला दुसरं काही सुचणार नाही. आठवडाभर आमच्या खोलीची एक बाजू गंजलेल्या बोटीसारखी दिसत होती आणि आम्ही टर्पेंटाइनच्या वासात जेवत होतो. आई भाकरी थापताना पदर नाकाला लावायची आणि आतून म्हणायची, "घरात कारखाना आणला माणसानं."

मग गाव आलं. हवेच्या पाइपाचं आकाश, गॅसचा पिवळा सूर्य, पाण्याच्या पाइपाची हिरवीगार खाडी, वाफेच्या चंदेरी रंगाची होडी. आणि सगळ्यांच्या मागे, खिडकीत हवा होता तो डोंगर, ॲसिडचा. आप्पा चित्र काढायला कुठे शिकले नव्हते. पण पाइप रंगवणाऱ्याचा हात असा सरळ आणि सलग चालतो की बघत बसावं. श्वास रोखून ते डोंगराची कड एका दमात ओढायचे, डावीकडून उजवीकडे, आणि मग श्वास सोडायचे. मी समोर बसून माझाही श्वास रोखून धरायची. माणूस आपल्या हाताने घरात डोंगर आणू शकतो हे मी दहाव्या वर्षी पाहिलं. पुढे शाळेत तीस वर्षं शिकवलं, मोठमोठी माणसं व्यासपीठावर बघितली, पण इतकं थक्क व्हायला मला कुणी लावलं नाही.

सगळं झाल्यावर आप्पांनी आईला बोलावलं. आई हात पुसत आली. बराच वेळ बघून म्हणाली, "आपल्या डोंगराला एवढं टोक नाय. आणि हे काय?" खाडीच्या मधोमध आप्पांनी छोटासा काळा बाण काढला होता.

"बाण," आप्पा म्हणाले.

"ते दिसलं. खाडीला बाण कशाला?"

आप्पा खरंच गोंधळले. हाताच्या सवयीने तो आपोआप निघाला होता. "पाणी कुठं चाललंय ते कळायला नको?"

आई तोंडावर पदर धरून हसली. नव्या घरात ती पहिल्यांदा हसली, आणि आप्पा कानापर्यंत लाल झाले. पण ट्रंकेचं कुलूप होतं तसंच राहिलं. मी मात्र मनाशी हिशेब बांधला की चित्र आहे तोवर आई जाणार नाही. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. लहान मुलांना असले करार एकतर्फी करायची सवय असते.

पावसाळा सरला आणि ऑक्टोबरचं ऊन भिंती तापवू लागलं. एका सकाळी आप्पा फॅक्टरीच्या बसने गेल्यावर मी ट्रंकेवर बसून पुस्तक वाचत होते, तेव्हा मला खाडीवर एक फुगा दिसला. बोट लावलं तर रंगाची पापडी सुटली आणि आतून पांढरी भुकटी गळली. आई बघेल, आप्पा बघतील, आणि मग दिवाळी. मी मोरीतून ओलं फडकं आणलं आणि ती जागा लख्ख पुसून काढली. वाळल्यावर दुपारी ती बरी दिसली. दुसऱ्या दिवशी तिथे तीन फुगे. मी पुन्हा पुसले. पुढचे आठ-दहा दिवस मी शाळेत जायच्या आधी रोज गुपचूप भिंत पुसत होते आणि भिंत रोज जास्तच सोलत होती. होडी गेली, खाडीचा काठ गेला, शेवटी कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सगळं गाव अंगावर फोड आल्यागत झालं. मग लपवायला काही उरलं नाही. आप्पा संध्याकाळी आले, डबा खाली ठेवून भिंतीपुढे उकिडवे बसले आणि पापड्या हातात घेऊन बघू लागले. "पाइपाला असं कधी होत नाही," एवढंच म्हणाले. जेवायला बसले तेव्हा मान वर न करता आईला म्हणाले, "दिवाळीला दोन आठवडे आहेत. तुला जायचं तर जा. मी नाही अडवणार." आईने त्यांच्या ताटात जवळ्याची चटणी वाढली.

चांगुणाबाय त्याच आठवड्यात आली. ती जवळच्या गावातली आगरी बाई, डोक्यावर टोपली, टोपलीत सुकी मासळी आणि खाली खडेमीठ. आठवड्यातून दोनदा आमच्या ओळीत यायची आणि उंबऱ्याबाहेर बसूनच माल द्यायची, कितीही म्हटलं तरी आत यायची नाही. आई तिच्याकडून सोडे घेत होती आणि दार सताड उघडं होतं. चांगुणाबायची नजर भिंतीवर गेली. ती टोपली तिथेच ठेवून, न बोलावता, सरळ आत आली. भिंतीवरची पांढरी भुकटी तिने बोटाने टिपली आणि जिभेवर ठेवली.

"मीठ हाय," ती म्हणाली. "हे आमचाच मीठ हाय."

आईला वाटलं बाई मस्करी करतेय. चांगुणाबाय गंभीर होती. "बाय, तुमी जिथं ऱ्हाता ना, हितं माज्या बापाचा आगर व्हता. मिठागर. ह्यो सगला. तुमचे घरान उबी ऱ्हायलू तं मी कोंडीनच उबी ऱ्हायलू." कोंडी म्हणजे मीठ पिकवायचा चौकोनी वाफा, हे तिने हाताने जमिनीवर आखून दाखवलं. मग भिंतीला हात लावून म्हणाली, "यो तेलाचा रंग कोनी दिला? भिंतीला घाम येतंय, तो भायेर जाया नको? तोंड बांदलाव तिचा. आनि वरशी पानी कोनी लावला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी रडायलाच लागले. रोज फडकं मारल्याचं, आप्पांना कळू नये म्हणून मारल्याचं, आणि का, तेही, सगळं एका दमात सांगून टाकलं. "चित्र गेलं तर तू जाशील," हेही सांगितलं. चांगुणाबाय मला रागावली नाही. "पोरी, मिठाला पानी दाखवू नये. पानी पितंय नि जास्ती वर येतंय. सुकल्यावर बुरुस मार, झालं. चुना लाव. चुन्यातून मीठ येतंय, झारून टाकायचा. दोन-चार वरसान दमेल, मग येनार नाय." एवढं सांगून ती टोपली उचलायला वळली आणि दारात थांबून परत त्या सोललेल्या गावाकडे बघत म्हणाली, "झ्याक काडलंय पन. हे कंचा गाव?"

आईने तिला बसायला पाट दिला आणि चहा ठेवला. मी बाहेरच्या खोलीत ऐकत होते. आई तिला आमचं गाव सांगत होती आणि ती आईला आगर सांगत होती. तिचा बाप पहाटे भरतीचं पाणी आत कसं घ्यायचा, उन्हाने ते पाणी दिवसादिवसाला कसं जाड व्हायचं, मीठ धरलं की पायाखाली कसं करकरायचं, आणि राशी लागल्या की दुपारी त्यांच्याकडे बघवायचं नाही. जमीन वसाहतीसाठी गेली तेव्हा ती लग्न होऊन दोन पोरांची आई झाली होती. "बाप दोन वरसा बांदावर येऊन बसायचा," ती म्हणाली. "बांद नव्हताच. पन बसायचा." आईने त्या दिवशी कुकर लावायला उशीर केला. आम्ही आलो तेव्हापासून तिचं काही लांबलं नव्हतं, कारण तिच्याशी बोलायलाच कुणी नव्हतं.

संध्याकाळी आईने आप्पांना सगळं सांगितलं, माझ्या फडक्यासकट. आप्पा माझ्यावर ओरडतील म्हणून मी दप्तरात तोंड घालून बसले होते. ते म्हणाले, "चूक पोरीची नाही. प्रायमर मी लावला. भिंत पाइप नसते हे मला कळायला पाहिजे होतं." ज्या माणसाने आयुष्यभर रंगाच्या जोरावर मान ताठ ठेवली त्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलीसमोर रंगातली चूक कबूल केली. आमच्या पिढीतल्या किती जणींनी आपल्या वडिलांच्या तोंडून असं काही ऐकलं असेल, मला शंका आहे. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्यांनी पत्र्याची पट्टी घेतली आणि खालचं सगळं गाव खरवडून काढलं. खाडी, होडी, नारळ, बाण, आमचं घर. वरचा डोंगर आणि आकाश चांगलं होतं, मीठ तिथवर चढलं नव्हतं. ते त्यांनी ठेवलं.

उघड्या भिंतीवर काय काढायचं ते मात्र आईने ठरवलं. "आपलं गाव आहे तिथं आहे," ती म्हणाली. "हिचं कुठंच नाय. हिचं काढा." मग चुना विरवला गेला, गेरू आला, पिवडी आली, कपड्यांची नीळ आली, आणि चांगुणाबाय टोपली उंबऱ्याशी ठेवून रोज संध्याकाळी आत येऊ लागली. ती पाटावर बसून हुकूम सोडायची. "बांद एवरा सरळ नसतंय, तुमी फूटपट्टी घेतलाव काय?" "झोपरी हितं नाय, तिकडं, तुमचा सैपाकघर हाय थय." आप्पा साहेबांचं ऐकायचे तसे निमूट ऐकायचे, पुसायचे, परत काढायचे. त्यांनी कधीच न पाहिलेली जागा ते तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर काढत होते, आणि ती "हां, हां, आता आला" म्हणायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. जिथे मीठ सगळ्यात जास्त फुटत होतं, अगदी खाली, तिथे आप्पांनी मिठाच्या राशी काढल्या. रंग लावलाच नाही, नुसता चुना आणि भोवती सावली. त्या राशींवर पुढे कित्येक वर्षं खरंच मीठ यायचं. डोंगर बघून चांगुणाबाय म्हणाली, "यो काय आमचा डोंगार नाय. आमचा एवरा टोकाचा नसतंय. पन ऱ्हाव दे."

"आमच्या गावचा पण नाय," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दिवाळीच्या आदल्या दिवशी काम संपत आलं. आता फक्त खालचा कोपरा राहिला होता, ट्रंकेच्या मागचा. आप्पांनी ब्रश डब्यावर ठेवला आणि ते ट्रंकेकडे बघत उभे राहिले. "ही जरा सरकवायला लागेल," असं त्यांनी सांगितलं, पण हात लावला नाही. आई आतून आली. तिने चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं, समुद्राचं पाणी आत घ्यायची फळी होती तिथे थांबली आणि म्हणाली, "बाण नाय काढलात?"

आप्पा ओशाळले. "तू हसली होतीस."

"हसले म्हणून काय झालं? पाणी कुठून येतं ते कळायला नको?"

आप्पांनी बारीक ब्रश घेतला आणि फळीपाशी एक छोटा काळा बाण काढला, आत येणारा. तोवर आईने कमरेची किल्ली काढून ट्रंकेचं कुलूप उघडलं होतं. तिने एकेक पितळेचा डबा काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला, स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडायला. ट्रंक रिकामी झाल्यावर ती आणि आप्पा दोघांनी मिळून सरकवली. दिनू दिवाळीला आला आणि सुट्टी संपल्यावर एकटाच चाळीत परत गेला. आम्ही राहिलो.

आई पुढे कधीच कबूल करायची नाही की चित्रासाठी राहिली. कुणी विचारलं की म्हणायची, "मी त्या चांगुणाबायसाठी ऱ्हायले. ह्यांच्या रंगरंगोटीचं काय घेऊन बसलात?" चांगुणाबाय म्हातारी होईपर्यंत येत राहिली. टोपली सुटली तरी येत राहिली. चहा घ्यायची, चित्रासमोर बसायची, कधी राशींवरचं मीठ चिमटीत धरून आपल्या नातवाच्या जिभेवर ठेवायची. ती गेली, मग आप्पाही गेले. मीठ चांगुणाबाय म्हणाली तसं लगेच दमलं नाही, आमच्या घराने तिचा अंदाज चुकवला, पण अलीकडे राशी कोरड्याच असतात. भिंतीला आम्ही कुणीच पुन्हा कधी रंग दिला नाही.

आता ती सगळी ओळ पाडून तिथे उंच इमारत व्हायची आहे. सोसायटीच्या सह्या झाल्यात, आमच्या ओळीतली अर्धी घरं रिकामी झालीत. आईने आधी हट्ट केला, मग गप्प झाली. मी खारघरला अकराव्या मजल्यावर राहते. गेल्या रविवारी तिला न्यायला गेले तर ती बाहेरच्या खोलीत त्याच हिरव्या ट्रंकेवर भिंतीला पाठ लावून बसली होती. या वेळी ट्रंक रिकामी होती आणि पितळेचे डबे फळीवर जिथल्या तिथे होते. मी समजूत घालायला बसले. माझ्याकडे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, गाडी आहे. एकही लागू पडेना. शेवटी मी हुकमाचं पान काढलं. "आई, माझ्या खिडकीतून डोंगर दिसतो. खरा. आख्खा. पावसाळ्यात धबधबेसुद्धा दिसतात."

आईने मान वळवून वर पाहिलं, त्या जांभळ्या टोकाकडे, जे ना आमच्या गावचं होतं ना तिथलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दिसू दे. पण तो काय ह्यांनी काढलाय?"